उशिरा पडणारा गिअर

गिअरबॉक्स तिसऱ्यांदा उतरवून, खोलून, धुऊन पुन्हा चढवला तेव्हा मास्तरांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. तरी ते गाडी घेऊन रस्त्यावर निघाले. ताशी पंचविसाच्या आसपास पडायला हवा तो दुसरा गिअर पन्नास गाठले तरी पडेना. पडला तो पंचावन्नला, तोही धक्का देऊन. मास्तरांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

गाडी डॉक्टरीणबाईंची, त्यांच्या वडिलांच्या हौसेची, जुनी ऑटोमॅटिक. गिअर उशिरा पडतो म्हणून आली, आणि पहिल्याच दिवशी मास्तरांनी दुखणं पकडलं होतं: इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणारी रबरी नळी चिरली होती. नवी घातली, चालवून पाहिली, तर रडगाणं तेच. मग तेल बदललं, व्हॉल्व्ह साफ केले, सगळं तीनदा खोललं. आज सहावा दिवस. पाचला बाई येणार होत्या. आजही नाही झालं तर गाडी मोठ्या वर्कशॉपला जाणार, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन सगळे एकमेकांच्या ओळखीचे. ही गेली की मागोमाग बाकीच्याही जाणार. त्या गाड्यांवाचून मास्तरांच्या गॅरेजात होतं काय?

बरं, मास्तरांची ख्याती कानाची. इंजिन नुसतं ऐकून दुखणं सांगायचे. मीटर लावून बसणाऱ्यांना म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं.

परत आले तेव्हा बायको पुढच्या काउंटरवर स्पेअर पार्ट मोजत होती. तिच्यासमोर ते स्टुलावर बसले आणि आयुष्यात कधी बोलले नव्हते ते बोलले.

"मला नाही जमत गं आता. संपलं माझं."

तिने हात पुसले आणि चावी मागितली. एरवी मास्तरांनी तिची थट्टा केली असती. आज गुपचूप शेजारी जाऊन बसले.

तिने हलक्या पायाने गाडी काढली. मास्तरांची नजर काट्यावर. तीस झाले, पस्तीस झाले. बघ, अजून पडला नाही, ते म्हणाले.

"पडला की मघाशीच. पंचविसाला."

मास्तर उखडले. उगाच मन राखायला खोटं बोलू नकोस म्हणाले. गाडी थांबवून तिने त्यांचा तळवा दोन सीटांमधल्या उंचवट्यावर ठेवला, ज्याच्याखाली गिअरबॉक्स असतो, आणि पुन्हा निघाली. पंचवीसला तळव्याखाली काहीतरी अलगद हललं, झोपेत पोर कूस बदलतं तसं. चाळीसला पुन्हा एकदा. कानाला मात्र काहीच कळलं नाही.

"इंजिनाचा आवाज उतरतो ना लगेच," ती म्हणाली. "तुम्हाला नाही ऐकू आला?"

या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जितका जड, तितका गिअर उशिरा. हे मास्तरांनीच कितीजणांना शिकवलं होतं. त्यांचा पाय मात्र जन्मभर कानाच्या हुकमात चाललेला. इंजिनाच्या आवाजाने कान भरेपर्यंत दाबायचं. कान भरेना, म्हणून ते दाबत राहिले. गाडी पहिल्याच दिवशी बरी झाली होती. पुढे पाच दिवस ते साप साप म्हणून भुई धोपटत होते.

कधीपासून, त्यांनी विचारलं.

"वर्ष होत आलं," ती त्यांच्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली. "सांगायला गेले की म्हणायचात, मीच तोंडातल्या तोंडात बोलते."

मास्तरांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पाचला डॉक्टरीणबाई आल्या. एक फेरी मारून खूश होऊन परतल्या. इंजिन चालूच ठेवून त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि काहीतरी विचारलं. मास्तरांना ओठ हललेले दिसले. प्रश्न ठाऊक होता. चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक जाताना हेच विचारत आलं होतं: मास्तर, आवाज कसा वाटतोय?

झकास म्हटलं असतं तर कोणाला कळलं नसतं. शब्द जिभेवर आलाही होता.

"तिला विचारा," बायकोकडे बोट करून ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. बायको काउंटरमागून आली, बॉनेटवर वाकली आणि बराच वेळ ऐकत राहिली. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे होते, निकालाची वाट पाहत.