उशिरा येणारा सूर

बुद्धभूषणने काळी दोनची पट्टी दाबली आणि डोळे मिटले. हेडफोनमध्ये व्हायोलिनचा सूर उमटला, पण बोटाबरोबर नाही. बोट पट्टीच्या तळाला टेकलं आणि मग, अगदी किंचित मागाहून, सूर आला. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा तसंच.

"कसं हाय, अण्णा?" शेजारी उभ्या संगमेशने विचारलं.

"थांब की जरा."

राजारामपुरीतल्या त्या वाद्यांच्या दुकानात काउंटरवर संगमेशचा लॅपटॉप उघडा होता. त्याला जोडलेल्या छोट्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नव्हता. सगळी वाद्यं लॅपटॉपच्या पोटात होती आणि तिथून त्यांना स्टेजवरच्या स्पीकरपर्यंत न्यायला मध्ये एक यंत्र लागत होतं. दुकानदार शिवानंद त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणत होता; संगमेश सरळ डबा म्हणत होता. आजवर तो लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातूनच वायर काढायचा. त्यात गुणगुण यायची आणि सूर तर फारच मागे राहायचा, म्हणून ऑर्केस्ट्रात तो ठेक्याशिवायचे तुकडेच वाजवायचा.

शिवानंदने दोन डबे पुढे ठेवले होते. एक चंदेरी, हाताच्या तळव्यात मावेल एवढा. त्यातून दोनच वायरी बाहेर जात. दुसरा काळा, रुंद, कपाळावर गोल बटणांची रांग आणि निळे दिवे, वायरी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला भरपूर जागा.

"दोन्ही मस्त हायत, पावणं," शिवानंद म्हणाला. "मला काय वाजवता येत न्हाय. तुमीच ठरवा."

बुद्धभूषणने वायर बदलून चंदेरी डबा लावला. पट्टी दाबली. सूर बोटाखालून उसळल्यासारखा आला. त्याने एक जलद तान घेतली, सगळे सूर जिथल्या तिथे. मग परत काळा. तीच तान चिखलातून चालल्यासारखी झाली.

संगमेशने आधी दोन्हींवर वाजवून पाहिलं होतं, त्याला फरक जाणवला नव्हता. जाणवणार कसा? निपाणीकडून इंजिनिअरिंगला आलेला हा मुलगा हॉस्टेलच्या खोलीत या लॅपटॉपवरच वाजवायला शिकला. बोट आणि सूर एकाच क्षणी भेटतात, हे त्याच्या बोटांना कधी ठाऊकच झालं नव्हतं. तरी आपल्याला काहीतरी कळत नाही एवढं त्याला कळत होतं. म्हणूनच तो बुद्धभूषणला घेऊन आला होता.

"तुमच्या हाताला कळतंय, अण्णा. तुमी सांगाल तो घिऊया."

बुद्धभूषणने त्याच्याकडे पाहिलं. कोवळ्या मिशा, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, चेहऱ्यावर पूर्ण विश्वास. त्या विश्वासाचाच त्याला राग आला.

दीप्ती कांबळेच्या ऑर्केस्ट्रात तो पहिल्या कार्यक्रमापासून कीबोर्ड वाजवत होता. दीप्ती तेव्हा कॉलेजात होती; आता तिचं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात असायचं. ती गाताना श्वास कुठे घेणार, हे बुद्धभूषणला तिच्या आधी कळायचं. मग दिवाळीनंतर हा संगमेश आला. त्याने लॅपटॉपमधून बासरी काढली, सनई काढली, एक अख्खा व्हायोलिनचा ताफा काढला, आणि दीप्तीने गाणं थांबवून नुसतं ऐकत राहणं बुद्धभूषणने पहिल्यांदाच पाहिलं. जयंतीचा कार्यक्रम यंदा गडमुडशिंगीत होता, बुद्धभूषणच्या स्वतःच्या गावात. सुरुवातीचं म्युझिक इतकी वर्षं त्याचं असे. आठवड्यापूर्वी दीप्ती म्हणाली होती, "दादा, यावेळी सुरुवात संगमेश करू दे. तुमी मागनं भरा." तो "व्हय" म्हणाला होता आणि कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसत बसला होता.

आता त्याने हेडफोन काढून काउंटरवर ठेवला.

"मोठा घे," तो म्हणाला.

"नक्की?"

"हाताला बरा लागतोय. आन् पिनाबी जास्त हायत."

संगमेशचा चेहरा उजळला. "मलाबी त्योच आवडलावता, अण्णा. पर म्हटलं, तुमी म्हणशीला तवाच."

परतताना स्कूटरवर संगमेश मागे बसला होता, डबा दोघांच्या मधे. गाडी खड्ड्यातून गेली की खोक्याचा कोपरा बुद्धभूषणच्या पाठीत रुतत होता. संगमेश सारखा बोलत होता. बुद्धभूषण गाडी चालवत राहिला.

तालमीला दीप्ती दुसऱ्याच ओळीवर थांबली.

"काहीतरी लोंबतंय," ती म्हणाली.

बुद्धभूषणने मान खाली घातली. आता ती संगमेशकडे बघेल, पुन्हा वाजवायला लावेल, पुन्हा थांबवेल. कपाळाला आठी घालून म्हणेल, की राहू दे, सुरुवात दादाच करतील.

पण आधी बोलला तो ढोलकीवाला केरबा. साठी ओलांडलेला केरबा कमीच बोलायचा. त्याने ढोलकी मांडीजवळ ओढली.

"लोंबत न्हाय, पोरी, डुलतंय. मी जरा मागं सरून वाजवतो. म्हण बघू."

केरबाने ठेका किंचित अडवून धरला, जणू प्रत्येक थाप हातातून सोडायला त्याचा जीव होत नव्हता. संगमेशची व्हायोलिनं येऊन त्या थापेवर अलगद बसली. दीप्तीने ओळ उचलली. तिसऱ्या ओळीला ती गाता गाता हसली.

"केरबामामा, लई ग्वाड झालं की हे!"

"ह्या डब्याची कमाल हाय, ताई," संगमेश म्हणाला. "आन् डबा अण्णांनी निवडलाय. माझं काय न्हाय."

सगळ्यांनी बुद्धभूषणकडे वळून पाहिलं. केरबाने मान डोलावली. दीप्ती म्हणाली, "मग! दादांचा कान हाय त्यो." बुद्धभूषणने विनाकारण आवाजाचं बटण पार खाली केलं आणि तालीमभर ते तसंच ठेवलं.

जयंतीला गडमुडशिंगीच्या मैदानावर निळ्या पताका लागल्या होत्या. ऊन उतरल्याबरोबर माणसं जमली. पुढच्या रांगेत त्याची आई सोनूबाई नव्या पांढऱ्या लुगड्यात बसली होती, शेजारी थोरली बहीण, आक्का. आईने सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं, माझा बुद्धा वाजवणार हाय.

संगमेशने सुरुवात केली. बासरीचा एकच लांब सूर मैदानावरून गेला आणि लेकरांचा कलकलाट थांबला. मागून व्हायोलिनं आली. बुद्धभूषणला वाटलं होतं, एवढ्या गर्दीसमोर तरी हा कुठेतरी घसरेल. तो घसरला नाही. केरबा त्याच्याबरोबर डुलत होता, दीप्ती डुलत होती, आणि सगळं गाणं कसं ऐसपैस पसरून बसलं होतं.

फक्त बुद्धभूषण त्यात बसत नव्हता. तो तालावर वाजवत होता, अगदी नेमका, जसा आयुष्यभर वाजवत आला तसा. आणि त्याचा प्रत्येक सूर बाकीच्यांच्या आधी पडत होता. त्याने कान टवकारून आणखी नेमकं वाजवलं. सूर आणखी उघडे पडले. दुसऱ्या कडव्याला दीप्तीने माईक बाजूला धरून मान वळवली.

"दादा, घाई नगा करू."

त्याने हात आवरून पाहिला. आवरेना. एवढ्या वर्षांची बोटं आपल्या जागीच जाऊन पडत होती. समोर आई आक्काच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी संगमेशकडे बघू लागल्या.

गाणं संपलं. पाहुण्यांच्या सत्काराला सुरुवात झाली, तसा संगमेश वाकत वाकत त्याच्याशेजारी येऊन बसला.

"अण्णा, राग मानू नगा. बरं वाटत न्हाय काय?"

"का?"

"न्हाय, तुमचं जरा सुटं सुटं ऐकू येतंय. तुमचं थेट मिक्सरला जातंय न्हवं, माझं डब्यातनं. म्हणून हुत असंल." तो थांबला. "तुमची वायरबी माझ्या डब्यात घिऊ काय? जागा रिकामीच हाय. लॅपटॉपमधनं दोघांचं एकदम भाईर जाईल."

बुद्धभूषणने काळ्या डब्याकडे पाहिलं. निळे दिवे लुकलुकत होते. खरं सांगून टाकायला आता एका वाक्याचं काम होतं. मैदानात कुणी ऐकलंही नसतं. फक्त या पोराने ऐकलं असतं. संगमेश उत्तराची वाट बघत तसाच उकिडवा बसला होता, एक हात बुद्धभूषणच्या गुडघ्यावर ठेवून.

"लाव," बुद्धभूषण म्हणाला. आणि त्याने स्वतःच आपली वायर मिक्सरमधून उपसून त्याच्या हातात दिली.

सत्कार आटोपले. केरबाने ठेका धरला. बुद्धभूषणने पट्टी दाबली, तेव्हा बोटाखाली काहीच नव्हतं. मग सूर आला, सगळ्यांबरोबर, नेमका त्यांच्यात. केरबाने त्याच्याकडे बघून मान हलवली. दीप्तीने मागे न बघताच अंगठा आणि बोट जुळवून हात वर केला. टाळ्या पडल्या. आईही टाळ्या वाजवत होती. कुणासाठी, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

पुढचा सूर यायला हवा त्याच्या थोडं आधीच त्याने बोट खाली नेलं.