आईच्या आवाजाचं पॅकेज

पुष्करने ‘नाही’साठी ‘एन’ दाबलं आणि पुन्हा माघार घेतली. नवी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम ज्याच्या आधाराने चालतात तो तयार कोड, बसवायला संगणक तयार होता, पण त्यापायी काय काय काढून टाकणार हेही तो इमानेइतबारे दाखवत होता, आणि त्यात पहिलंच नाव होतं ‘आई-आवाज’.

मागे खुर्चीत त्याचे वडील, अण्णा, बसले होते. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. शेवटच्या आजारपणात कालिंदीबाईंनी, म्हणजे पुष्करच्या आईने, माइकसमोर बसून वाक्यंच्या वाक्यं वाचली होती. त्यातून त्याने कुठलाही मजकूर वाचून दाखवणारा त्यांचा आवाज बनवला होता. त्या गेल्यावरही भोईवाड्याच्या त्या घरात पेपर त्याच वाचायच्या. मूळ रेकॉर्डिंग पुढे डिस्क बिघडली तिच्याबरोबर गेलं. उरलं ते एवढं ‘आई-आवाज’ नावाचं पॅकेज. आणि गेल्या रविवारी पुष्करनेच मोठ्या हौसेने संगणकाची लिनक्स प्रणाली अपडेट केली, त्यात आवाज ज्या जुन्या लायब्ररीच्या आधाराने चालायचा तीच उडाली. शहाणपणा नडला, दुसरं काय.

अण्णांनी तक्रारीचा शब्द काढला नव्हता. सुनेने, वैदेहीने, पेपर वाचू का विचारलं तेव्हा राहू दे म्हणाले होते. ते गप्प बसणं पुष्करला बघवत नव्हतं.

त्याने जुनी लायब्ररी कुठूनशी शोधून आणली. तिला तिच्याहून जुनी दुसरी हवी होती, त्या दुसरीला तिसरी. उसवलेल्या स्वेटरसारखं एकातून एक निघत गेलं. शेवटी त्याने तो नाद सोडला, आवाजाचा प्रोग्रॅमच नव्या लायब्ररीवर बांधून काढला आणि चालू केला.

“दादरमध्ये उद्या पाणी कमी दाबाने येणार,” कालिंदीबाई म्हणाल्या.

अण्णा सावरून बसले. पुष्करचे डोळे भरून आले. त्याच भरात त्याने ज्येष्ठ नागरिक संघाकडून अण्णांच्या नावे आलेला ईमेल लावला.

“श्री. नीळकंठ दामले यांस सप्रेम नमस्कार.”

अण्णांचा चेहरा उतरला.

“ही ती नाही,” ते म्हणाले.

आवाज तोच आहे, फक्त खालची लायब्ररी बदलली, असं पुष्करने समजावून पाहिलं. अण्णांनी मान हलवली. उभ्या संसारात तिने कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. मशीनमध्येसुद्धा माझं नाव आलं की ती थांबायची आणि पुढचं वाचायची, ते म्हणाले.

पुष्करला हसू येता येता राहिलं. असं काही त्याने केलंच नव्हतं. त्याने जुना सगळा कोड चाळला. कुठलंही नाव वगळायची सोय त्यात नव्हती. तसं त्याने सांगितलं.

अण्णा उठले. टेबल चाचपत स्पीकरपाशी आले आणि त्यावर हात ठेवला.

“कालिंदी,” ते हळूच म्हणाले, “सवय सोडलीस होय गं?”

मग पुष्करकडे वळून म्हणाले, “परत लाव.”

काहीही न बदलता त्याने तोच ईमेल लावला.

“श्री.,” आवाज म्हणाला. मग काहीच नाही. पडद्यावर चूक दाखवणारी एकही ओळ नव्हती. स्पीकरमध्ये कुणी श्वास घेतल्यासारखं पुष्करला वाटलं.

“यांस सप्रेम नमस्कार.”

अण्णा तिथेच उभे राहून पुढचं ऐकू लागले. कारण शोधायला पुष्करचा हात धजला नाही. यापुढे काहीच अपडेट होऊ नये म्हणून त्याने सगळी पॅकेजं आहेत तशी गोठवली, आणि खुर्ची मागे सारून तोही उभा राहिला.