दोन बुधी

बुधवारी जन्मली ती बुधी, मंगळवारी जन्मला तो मंगळू. सूर्यमाळच्या पाड्यांवर नाव ठेवायला पंचांग लागत नसे, वार लक्षात असला की झालं. त्यामुळे एका पाड्यावर दोन बुधी आणि दोघींचे नवरे मंगळू, याचं कुणाला काही वाटत नसे. चढावर राहणारी ती वरची बुधी, झऱ्याजवळची ती खालची. पण जव्हार संस्थान विलीन झाल्यावर पहिल्या निवडणुकीची यादी आली आणि ती लिहिणाऱ्या कारकुनाचं डोकं चाललं. एकच बाई दोनदा लिहिली गेली, असं समजून त्या शहाण्याने एक बुधी सरळ खोडली.

हे कळलं ते पोशेऱ्याच्या जिवामुळे. जिवा चौथी शिकलेला. त्याने आणखी चौघांना धरून मंडळी जमवली होती, आणि चावडीवर लागलेला प्रत्येक कागद पाड्यापाड्यावर जाऊन मोठ्याने वाचायचा, एवढंच त्यांचं काम. पाड्यांनी त्यांना भाकरी घालायची आणि जिवा बाहेर असेल त्या दिवशी त्याच्या शेतावर कुणीतरी राबायचं, असं ठरलं होतं. तर जिवाने यादी वाचली, बुधी एकदाच आली, आणि समोर तर दोघी बसलेल्या.

वरच्या बुधीच्या हे फार जिव्हारी लागलं. आदल्या वर्षी जंगलाच्या शिपायाने मोळीसकट तिचा कोयता नेला होता. त्या शिपायाचं मत एक आणि तुझंही एकच, असं जिवाने सांगितल्यापासून ती निवडणुकीची वाट बघत होती. चार दिवसांनी मोखाड्याला साहेब हरकती ऐकणार होता. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या तर काम होईल, असं जिवा म्हणाला.

घोडं अडलं ते इथेच. दोन उन्हाळे दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. झऱ्यावर आधी हंडा कुणाचा, यावरून जुंपली होती. तरी वरची बुधी मान खाली घालून उतारावरून गेली. खालची नाचणी पाखडत होती.

"राहिला ता नाव माजाच आसंल तं?" ती सूप न थांबवता म्हणाली. "सायबापुढं जाऊन ताही घालवू का?"

यात खोटं काय होतं? वरची बुधी तशीच परतली.

ठरल्या दिवशी ती जिवाबरोबर निघाली, तर वळणावर खालची बुधी भाकरीचं गाठोडं घेऊन बसलेली. ती उठली आणि दोघांच्या मागून मोखाड्यापर्यंत चालत आली.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने दोघींना नीट पाहिलं, चूक कबूल केली. म्हणाला, यादीत आहे ती राहील. दुसरीचा अर्ज वर पाठवतो, पण वेळ थोडा आहे, नाव येईलच असं नाही. मग त्याने विचारलं, यादीतली ही कोणती? याचा विचार जिवाने केलाच नव्हता. माझंच, असं वरच्या बुधीच्या अगदी ओठांवर आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

"ता नाव हिचा हाय," खालची बुधी म्हणाली. "माजा नवा लिवा." आणि तिने अंगठा पुढे केला.

परतताना वरचीने विचारलं, असं का केलंस?

"त्या दिशी झऱ्यावर आधी तूच आली व्हतीस," खालची म्हणाली. "हंडा मीच पुढं सारला."

मतदानापर्यंत तिचं नाव काही आलं नाही. तरी ती सोबत गेली आणि बाहेर झाडाखाली बसली. वरची बुधी तिला विचारायला आली, कुठल्या उमेदवाराच्या पेटीत टाकू, तू सांगशील तिथे टाकते.

"तुजा मत तू दे," खालची म्हणाली. "माजा मी देन, पुढल्या येळंला."

पुढल्या खेपेची यादी लागली तेव्हा वरची बुधी जिवाला अगदी खेटून बसली. तिचं नाव आलं, ओळखीसाठी पुढे लिहिलं होतं वरचं घर. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढे वाच म्हणाली. जिवा वाचत राहिला. मग आलं, बुधी मंगळू, खालचं घर. तिने ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला, आणि ती सांगायला उतारावरून खाली निघाली.