भोंग्याची ओ

"हिरवी खूण आली, ताई. उघडू दार?" धरणाच्या दारांवर चाळीस वर्षं काढलेल्या काकांचं बोट बटणावर होतं.

"थांबा काका." तिने खाली नदीकाठी, भोंग्याच्या चौकीत बसलेल्या आपल्या वडिलांना फोन लावला. "बाबा, भोंगा वाजला ना?"

"कसला भोंगा? इथं सगळं निवांत आहे. बाया कपडे धुताहेत, पोरं डुंबताहेत."

विंचू डसावा तसा काकांनी हात मागे घेतला.

दार उघडण्याआधी खाली भोंगा वाजवून लोकांना सावध करणारा प्रोग्राम तिचाच होता. वाटा दोन होत्या. एक सॉकेटची. धरणाचं आणि भोंग्याचं यंत्र थेट जोडायचं. इकडून हाक गेली की तिकडून ओ आलीच पाहिजे, नाहीतर पडदा लाल. दुसरी मेसेज क्यूची. मध्ये एक रांग, निरोप जपून ठेवणारी. लाइन तुटली तरी निरोप हरवत नाही, लाइन आली की पोचतो. हरवत नाही, या दोन शब्दांवर तिचा जीव जडला आणि तिने रांग निवडली. आज चौकीची लाइन तुटली होती. हिरवी खूण निरोप रांगेत पडल्याची होती, भोंगा वाजल्याची नव्हे.

"म्हणजे पत्र पेटीत टाकलं की आपण मोकळे!" काका म्हणाले. "बाई गं, घर पेटल्यावर पत्र टाकतं का कुणी? देव हाकेला धावतो खरं, पण हाक पोचायला नको त्याच्यापर्यंत?"

धरणाचं तळं अजून हातभर रिकामं होतं, म्हणून थांबता आलं. ती मान खाली घालून थेट जोडणी बसवायला लागली. पण रांगेतला निरोप काढून टाकायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. तासाभराने लाइन आली आणि रांगेने आपलं काम चोख केलं.

"अगं, आत्ता वाजला!" फोनवर बाबा धापा टाकत होते. "सगळी धावत वर आली. एका म्हातारीचा पाय मुरगळला. पाणी कुठाय?"

"येणार नाही, बाबा. तो मघाचा निरोप."

"मग यांना काय सांगू?"

"चूक झाली म्हणून सांगा. माझी."

लोक हसले, चार शिव्या घातल्या आणि पुन्हा पात्रात उतरले.

दिवस कलायच्या आत तळं काठोकाठ आलं. तिने नव्या जोडणीवरून हाक दिली. लगेच ओ आली. भोंगा वाजत होता.

"वाजतोय गं, कानठळ्या बसताहेत," बाबा म्हणाले.

"आणि लोक?"



"कुणी उठलं नाही. एकानं हात हलवला. म्हणतो, 'लेकीला सांगा, कळलं बरं का!'"

तिने काकांकडे पाहिलं.

"दहा मिनिटं धरतो," काका हळूच म्हणाले. "त्यापुढे धरण मला धरू द्यायचं नाही."

"बाबा, दहा मिनिटं. मग पाणी सुटेल."

"बरं. मी खाली जातो." बाबांचा आवाज नेहमीसारखाच होता. "हाताला धरून उठवावं लागेल एकेकाला."

फोन बंद करायचं ते विसरले. भोंग्याच्या आवाजाखालून पायऱ्यांवर त्यांच्या वहाणा ऐकू येत होत्या, एकेक, सावकाश. मग त्याही थांबल्या. पायाखाली वाळू लागली असावी.