फ्रीझरवरचा पोपट

सांगतो ते कुणाला पटायचं नाही, आणि पटावं असा माझा हट्टही नाही. पण आमच्या तावेउनी बेटावर एका पोपटानं सरकारची लाज राखली, हे मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. बसा नीरफणसाखाली. कावाच्या मुळ्यांची पूड पाण्यात कालवून प्यायला होईस्तोवर सांगून टाकतो.

मी जगरूप. आजा परमुलखातून बोटीनं ऊस तोडायला आलेला. ह्या गावात माझं नातं ना गोतं. बाकी सगळा गाव एकमेकांत गुंतलेला, वाळत घातलेल्या जाळ्यासारखा.

त्यातली ही कावा कालवणारी मेरेसेनी, नवरा समुद्रानं नेलेली. सरकारच्या लहान धंद्याच्या योजनेत तिला फ्रीझर मिळाला. उन्हावर चालणारा, पांढराशुभ्र, आत माणूस निजेल एवढा. तिनं मासे आणि बर्फ विकायचा. पुढं राजधानीतून, सुव्याहून साहेब येऊन बघणार. धंदा चालत नसला तर फ्रीझर उचलून दुसऱ्या गावाला.

आता आमच्याकडं रिवाज असा, की नात्यातल्यानं 'केरेकेरे' म्हणून मागितलं की नाही म्हणायचं नाही. सकाळी चुलतदीर बर्फ नेई, दुपारी मावससासू मासे. भरायची मेरेसेनी, रिकामा करायचा गाव. शेवटी आत एक लिंबू उरलं, तेही कुणीतरी मागून ठेवलेलं.

ती माझ्याकडं आली. म्हणाली, "न्हाई म्हनायला तोंडच उघडत न्हाई रं बाबा. अन् ही पेटी गेली तर पोरींना काय घालू?"

मी रानात गेलो, लालचुटूक पोपट धरून आणला आणि बसवला फ्रीझरवर. त्याला गावात ना काका, ना मेहुणा. कुणी मागायला आलं की मान वाकडी करून विचारी, "तू माझा कोन?" माणूस गप खिशात हात घाली.

सगळ्यात जास्त जळफळला हा तिच्या शेजारी बसलेला अपिसाई कोळी. फुकटच्या बर्फाची सवय त्याला. एक दिवस मानाची म्हणून कावाच्या मुळ्यांची जुडी घेऊन आला, पोपटापुढं मांडी घातली, रीतसर टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "आजपास्नं तू माझ्या भैनीचा ल्योक. भाच्या, बर्फ दे."

घाईत चुकला बिचारा. धाकटा भाऊ म्हणाला असता तर निभावलं असतं. आमच्याकडं भाच्यानं मामाचं काय वाट्टेल ते उचलावं, मामानं हूं की चूं करू नये. पोपटानं पिसं फुलवली. "मामा, तुझी होडी मला लई आवडली."

होडी गेली. त्यानंतर पोपटाशी नातं जोडायची कुणाची छाती झाली नाही. साहेब आले तेव्हा फ्रीझर गच्च, दारात पैसे घेऊन रांग. साहेबांनी पोपटाचा पंजा हातात घेतला आणि...

"पुरं झालं," मेरेसेनी कावा गाळता गाळता म्हणाली. "पोपट कसला रं, म्हाताऱ्या? सालभर माझ्या फ्रीझरवर बूड टेकून तूच बसला व्हतास. अन् अपिसाईची होडी अजून तुझ्याच दारात हाय."

अपिसाईनं भरलेली करवंटी माझ्यापुढं सरकवली.

"घे, भाच्या," तो म्हणाला.