पायाळू

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि पेनाचं टोक मानेच्या मधोमध टेकवलं.

"हे दोन मणके बघा. मध्ये फट दिसायला हवी. नाहीये. जन्मापासून जुळलेले आहेत."

येसाजीने बघितलं. त्याला सगळं सारखंच पांढरं दिसलं. शेजारी त्याची नऊ वर्षांची लेक रेश्मा डावीकडे कललेल्या मानेने बसली होती. पंधरा दिवस तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या. शाळेत हातातली पेन्सिल गळून पडायची.

"म्हणजे मान सरळ नाय व्हायची?"

"ते नंतर. हे मणके हलत नाहीत, म्हणून वरचा सांधा जास्त हलतोय. तिथे नस दाबली जात असावी. मुंबईला एमआरआय करा. कदाचित ऑपरेशन लागेल." डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले. "मानेला झटका, मार? कोणी चोळली, दाबली? नीट सांगा. तिथले डॉक्टर हे विचारात घेतात."

येसाजीने उजवा पाय बाकाखाली ओढून घेतला.

तो पायाळू होता. जन्मताना त्याचे पाय आधी आले होते. म्हणून पाठीत उसण भरली की गावातली माणसं त्याच्याकडे येत, आणि त्याने पाय लावला की उठून चालू लागत. त्याच्या बायकोने, शकूने, मात्र लेकीच्या मानेला तो पाय कधी लागू दिला नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवू, म्हणायची. गेल्या पावसाळ्यात शकू तापाने गेली. दिवाळीनंतर दर रविवारी येसाजी रेश्माला पालथी झोपवू लागला. मानेवर पाय हलकाच दाबायचा. शेवटच्या रविवारी ती ओरडली होती.

"नाय," रेश्मा म्हणाली. "कोणी नाय दाबली."

डॉक्टरांनी येसाजीकडे पाहिलं. त्यानेही नकारार्थी मान हलवली. चिठ्ठीवर 'इजा नाही' असं लिहून डॉक्टरांनी रेश्माच्या गळ्याला पट्टा बांधला.

महाडहून पोलादपूरच्या एसटीत येसाजीने विचारलं,

"खोटं का गो बोललीस?"

"ते तुमाला ओरडले असते." रेश्मा समोर बघत होती. पट्ट्यामुळे तिला वळता येत नव्हतं. "तुमी काय मुद्दाम केलंत?"

घरी ओटीवर शेजारची चंद्राबाई कंबर धरून बसली होती.

"आलास रे बाबा! सकाळपासून अशी वाकलेय. लाव पाय, नायतर तिरडीवर पण वाकडीच ठेवाल मला."

"आज नको, काकी."

"का? डॉक्टरने पायाला सुई टोचली काय?"

रेश्मा हसली. चंद्राबाई उत्तराची वाट न बघता पालथी पडली आणि लुगडं सारखं केलं. येसाजी तिच्या बाजूला उभा राहिला. त्याने चप्पल काढली. मग पुन्हा घातली.

"लाव की रे," चंद्राबाई म्हणाली.

रेश्मा सगळं अंग वळवून बापाकडे बघू लागली. तो पायरी उतरून अंगणात गेला.

सोमवारी वीर स्टेशनवरून गाडीने मुंबईला जायचं होतं. चिठ्ठी त्याच्या खिशात होती, लिहिली होती तशीच. डॉक्टरांना खरं सांगायचं राहिलं होतं.