चंचलच्या रक्तावर पोसलेली मी

मी अंकुशकृमी बोलते आहे. तुमच्या भाषेत जंत. लांबी बोटाच्या पेराच्या निम्मी, पण तोंडात धारदार पाती आहेत आणि बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. पुस्तकवाले मला परजीवी म्हणतात आणि ज्याच्या आतड्याला मी चिकटते त्याला यजमान. शब्द खोटा नाही. बोलावल्याशिवाय मी कुठंच गेले नाही.

माझा जन्म धानपट्ट्यातल्या मूल तालुक्यातला. माझी आई गावातल्या पत्रूभाऊंच्या पोटात होती. मी अंडं होऊन त्यांच्यासोबत पहाटे बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कडेला उतरले. पत्रूभाऊंच्या घरी संडास आहे, दार-कडीसकट. त्यात तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे, भारे ठेवले आहेत. तणीस भिजलं तर नासतं ना. ओल्या मातीत आठवड्याभरात मी अळी होऊन तयार झाले.

मग धान लावायची रोवणी आली. बांधीत शिरताना चप्पल धुऱ्यावर, बांधावरच काढायची, धानात लक्ष्मी असते. लक्ष्मीचा मान राहिला आणि माझी सोय झाली. त्याच बांधीत रोवायला उतरलेल्या चंचलच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यातून मी कातडीत शिरले. तिनं खाजवलं आणि चिखल्या झाल्या म्हणून तेल लावलं. मी रक्तातून फुप्फुसात गेले, तिथून गळ्याशी चढले. ती खोकली आणि तिनंच मला गिळलं. आतड्यात पोचून मी तोंड रोवलं. शेजारी शंभरेक बहिणी आधीच पंगतीला होत्या.

चंचलला वनरक्षक व्हायचं होतं. भरतीत तीन किलोमीटर धावायचं असतं. पोर रोज सकाळी सडकेवर पळायची आणि दुसऱ्याच किलोमीटरला छाती धरून बसायची. तिचं रक्त आम्ही पीत होतो. आजी गुणाबाईंनी मात्र मीठ-मिरच्या ओवाळल्या. नजर उतरली म्हणतात. आम्ही नाही उतरलो.

शेवटी गावच्या आशा सेविका अंजनाबाई आल्या. चंचलचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सात भरलं, बारा तरी हवं होतं.

"गुणाबाई, मागच्या खेपेस जंताची गोळी देल्ली होती, ते कुठी गेली?"

"कोंबडीले चारली. अंडे देत नोहोती."

"मंग आता भरतीले कोंबडीलेच धाडा. पोरगी काऊन पळवता?"

"मा पोरीच्या पोटात जंत नाई. आमचं घर साफ राह्यते."

चंचल म्हणाली, "आजी, भरती तीन महिन्यांवर आली. यंदा वय निघून गेलं तर मले कोन घेईन?"

अंजनाबाईंनी नवी गोळी काढली, तसा पाण्याचा गिलास गुणाबाईंनीच पुढं केला. "चावून खा, बाई. मा समोर खा."

रक्तवाढीच्या गोळ्याही मिळाल्या. जंताच्या गोळीनं माझं मात्र पोषण तुटलं. दोन दिवसांत तोंडाची पकड सैल पडली. बहिणी एकेक करून सुटल्या, आता माझी पाळी. चंचल भरतीत पोचते की नाही ते मला दिसणार नाही. पोचेल बहुतेक. हट्टी आहे, आणि रक्त आता तिचं तिलाच मिळणार.

निघताना तुमच्याकडे एकच मागणं आहे. अंजनाबाई सांगून गेल्या, सहा महिन्यांनी ही गोळी सगळ्या घरानं पुन्हा घ्यायची. तेवढं विसरा. विसरण्यात तुमचा हात कुणी धरू शकत नाही, म्हणून तर बांधीच्या ओल्या मातीत वाढणाऱ्या माझ्या लेकी निर्धास्त आहेत.